नवतप्यातला ग्रह

यंदाचा नवतपा लागला. मे महिना संपत आला की नऊ दिवस सूर्य नागपूरवर असा काही येऊन बसतो की सकाळी दहाच्या पुढे रस्त्यावर फक्त नाइलाज असलेली माणसं दिसतात. दुचाकीवरच्या बायका तोंडाला दुपट्टा गुंडाळून जातात, सख्ख्या बहिणीलाही ओळखू येणार नाही अशा. नळाचं पाणी हाताला चटका देतं. कळमन्याकडून आलेल्या टरबुजांच्या गाड्या नाक्यानाक्यावर लागतात आणि दुपारी गाडीवाला गाडीखालीच झोपलेला असतो. बहावा तेवढा फुललेला. हा ऋतू मला आवडतो असं म्हणता येणार नाही, पण त्याच्याबद्दल माझी तक्रारही नाही. घरात अंधार करून बसता येतं, कोणी येत नाही, कोणाकडे जावं लागत नाही.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सुटीच्या या दिवसांत माझं जुनं काम बाहेर निघतं. अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणींनी टिपलेले क्ष-किरण, म्हणजे त्यांच्या नोंदींच्या फाइली, कोणालाही इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. त्या तशाच्या तशा उपयोगाच्या नसतात. एका प्रोग्रॅममधून त्या गाळून घ्याव्या लागतात. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं येत राहतात, आणि एका जागी प्रोग्रॅम थांबून विचारतो की लक्ष्य कुठे आहे. पृथ्वीवर जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती. या दोन आकड्यांनी आकाशातली कुठलीही जागा सांगता येते. बहुतेक वेळा हे आकडे फाइलीतच असतात, नुसतं एंटर दाबलं की प्रोग्रॅम ते उचलतो आणि पुढे जातो. मी एंटर दाबत नाही. दोन्ही आकडे हाताने टाइप करते, पुन्हा वाचते, मग पुढे जाते. माझे विद्यार्थी त्याला मॅडमची सवय म्हणतात. ती मला एका उन्हाळ्याने लावली.

तेव्हा मी विद्यापीठात पीएच.डी. करत होते. देवतळे मॅडम माझ्या मार्गदर्शक. सडपातळ, सुती साडी, घड्याळ उजव्या हातात. बोलणं कमी. वर्गात एखाद्याने मूर्ख प्रश्न विचारला तरी त्या तो प्रश्न फळ्यावर लिहून घ्यायच्या आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघायच्या. मूर्ख प्रश्न विचारणारा तेवढ्यात स्वतःच शहाणा व्हायचा. त्या शहराच्या जुन्या महाल भागात वाढलेल्या, तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकलेल्या. त्या वर्षी जूनअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

आमची प्रयोगशाळा म्हणजे चार संगणक आणि एक लोखंडी कूलर. कूलर सुरू असला की कागद उडायचे आणि बंद असला की संगणक तापून बसायचे. म्हणून प्रत्येक कागदावर काही ना काही ठेवलेलं असायचं, स्टेपलर, पाण्याची बाटली, मॅडमचा काकडीचा डबा. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास मला आजही कुठे आला तर पहिल्यांदा आलेखच आठवतात. माणसं मागून येतात.

मॅडम कित्येक वर्षं एकाच ताऱ्याच्या मागे होत्या. एखाद्या शहराएवढा लहान, आतून कल्पनेपलीकडे घट्ट, स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा. प्रत्येक फेरीला त्याच्याकडून क्ष-किरणांचा एक ठोका येतो. ते ठोके मोजायचे, एवढंच काम. ऐकायला सोपं, पण आपण जिथून मोजतो ती पृथ्वी एका जागी उभी नाही. ती सूर्याभोवती फिरते. फिरताना ती ताऱ्याच्या बाजूला आली की ठोके जरा लवकर पोचतात, पलीकडे गेली की उशिरा. हा फरक काही मिनिटांचा असतो आणि प्रोग्रॅम तो काढून टाकतो. काढल्यावर उरते ती ताऱ्याची स्वतःची चाल.

ती उरलेली चाल सरळ नव्हती. मॅडमच्या आलेखात एक मंद लाट दिसत होती. ठोके अर्ध्या सेकंदाहूनही कमी पुढे यायचे, मग तेवढेच मागे जायचे, सावकाश, चौदा महिन्यांनी पुन्हा पहिल्या जागी. तारा डोलत होता. कोणीतरी त्याला ओढत होतं. हिशेब केला तर ओढणारा गुरूएवढा मोठा गोळा निघत होता. मेलेल्या ताऱ्याभोवती एक ग्रह.

त्यांनी घाई केली नाही. "वर्षाच्या आसपासचं काही दिसलं की आधी स्वतःवर शंका घ्यायची," असं त्यांनीच मला शिकवलं होतं आणि त्यांनी ती घेतलीही होती. फाइली पुन्हा उघडून बघितल्या होत्या. ताऱ्याचं नाव बरोबर होतं, चित्रातला ठिपका बरोबर होता. चौदा महिने म्हणजे काही वर्ष नव्हे. मग त्यांनी शोधनिबंध लिहिला, माझं नाव स्वतःच्या नावाशेजारी घातलं आणि एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग त्या ग्रहावर उभा होता. एका परदेशी संस्थेशी माझ्या पुढच्या नोकरीचं बोलणंही सुरू झालं होतं, तेही त्याच ग्रहामुळे. घरी आई शेजारणींना सांगायची, "आमची संघमित्रा ग्रहावर काम करून राहिली." शेजारणींना ते मंगळ-शनीचं काहीतरी वाटायचं आणि एक-दोघींनी मुलांच्या पत्रिका आणून दाखवल्याही होत्या.

बातमी बाहेर कशी गेली ते नीट कळलं नाही. बहुधा शकूमावशींकडून. शकूमावशी म्हणजे मॅडमच्या शाळेतल्या मैत्रीण. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसतात. मॅडमनी त्यांना सहज सांगितलं असावं आणि त्यांनी ते गिऱ्हाइकांना सांगितलं असावं. एका स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट आली, महालच्या मुलीने ग्रह शोधला. मुलगी साठीची होती. मग शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी सत्कार ठरवला. तारीख निघाली ती नवतप्यातली, कारण निकाल लागण्याआधी शाळेचा हॉल मोकळा मिळत होता.

त्याच सुमारास विभागातल्या संगणकांवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मॅडम म्हणाल्या, "परीक्षकांनी विचारायच्या आधी आपणच सगळं एकदा नव्याने गाळून घेऊ. तू कर." मी बसले. नव्या आवृत्तीला जुन्या फाइलींतले आकडे वाचता येत नव्हते. ती थांबली आणि तिने लक्ष्याचे विषुवांश-क्रांती विचारले. मी एका अलीकडच्या निबंधातून ताऱ्याची जागा काढली, जास्त बारीक नजरेच्या दुर्बिणीने मोजलेली, आणि ते आकडे हाताने भरले. प्रोग्रॅम पुढे गेला. सगळ्या फाइली व्हायला वेळ लागला. शेवटी आलेख आला. लाट नव्हती. रेघ सरळ होती.

मला आधी वाटलं, माझंच चुकलं. तसं वाटणं सोयीचंही होतं. मी पुन्हा केलं. पुन्हा सरळ. मग जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं. ही जुनी निरीक्षणं आमच्या ताऱ्यासाठी घेतलेलीच नव्हती. दुर्बीण बघत होती ती शेजारच्या एका ठळक ताऱ्याकडे. आमचा तारा चित्राच्या कोपऱ्यात आपोआप आला होता. मॅडमनी असे कोपरे शोधून शोधून दोन वर्षांची तुटक मालिका जमवली होती. फाइलींना आमच्या ताऱ्याचं नाव दिलं होतं, ठिपकाही त्याचाच निवडला होता. पण वेळ दुरुस्त करताना जुन्या प्रोग्रॅमने कोणालाही न विचारता दिशा घेतली ती दुर्बिणीच्या नाकासमोरची. दोन जागांमध्ये अंतर किती, तर पौर्णिमेच्या चंद्राचा दहावा भाग. तेवढ्या चुकलेल्या दिशेने पृथ्वीचं फिरणं पुरतं पुसलं जात नव्हतं. थोडं उरत होतं. उरलेलं वर्षभराच्या लाटेसारखं दिसत होतं, आणि मधल्या खंडांमुळे आणि ताऱ्याच्या स्वतःच्या अडखळण्यामुळे वर्षाचे चौदा महिने झाले होते.

म्हणजे डोलत होतो ते आपण.

त्या दुपारी मी काय केलं ते नीट आठवतं. कूलरच्या टाकीत पाणी भरलं. एक गाणं लांबून येत होतं, कुठल्यातरी लग्नाच्या मांडवातून, ते पूर्ण ऐकलं. मला वाईट वाटत होतं का? वाटत असावं. पण त्याहून ठळक होतं ते एक विचित्र समाधान, गणित सुटल्याचं. ते समाधान मला आवडलं नाही, आणि ते गेलंही नाही. पुढच्या काळात अशा गोष्टी मी अनेकांकडून ऐकल्या. डॉक्टर मैत्रीण सांगते, निदान अचूक झालं की क्षणभर बरं वाटतं, मग समोरचा माणूस दिसतो.

मॅडम आल्या. डोक्यावरचा पदर काढून त्यांनी तोंड पुसलं. मी म्हटलं, "मॅडम, एक बघता का?" आणि दोन्ही आलेख पडद्यावर ठेवले. काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पहिला बघितला, दुसरा बघितला, मग खालच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे कुठून आले?"

मी निबंधाचा संदर्भ सांगितला.

"आणि हे जुने?"

"दुर्बिणीची दिशा आहे ती. प्रोग्रॅमने आपली आपण घेतली."

"प्रोग्रॅमने नाही," त्या म्हणाल्या. "तो रकाना मी मोकळा सोडला होता. त्या सगळ्या आज्ञा मीच लिहिल्यात." मग म्हणाल्या, "तू जा, कँटीनमध्ये चहा घे. सावकाश ये."

मी परत आले तेव्हा त्या माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यात जुनी फाइल काढून, जागा स्वतः टाइप करून, सगळं पहिल्यापासून केलं होतं. समोर सरळ रेघ होती. कूलरच्या वाऱ्याने एक कागद उडून खाली पडला होता आणि तो कोणी उचलला नव्हता.

"निबंध मागे घेऊ," मॅडम म्हणाल्या. "पत्र मी आज लिहिते. तुझ्या त्या नोकरीच्या लोकांनाही कळवावं लागेल. ते तू लिहिशील की मी लिहू?"

"मी लिहिते."

"लवकर लिही. उशीर झाला की वाक्यं अवघड होतात."

त्यांनी पत्र लिहिलं. मीही लिहिलं. नोकरीचं बोलणं थांबलं, सभ्यपणे. विभागातले एक प्राध्यापक मला जिन्यात गाठून म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर काय गरज होती? कोणी तपासलं असतं? दहा वर्षांनी कोणीतरी म्हणालं असतं की नाही सापडत ग्रह, तोवर कोण कुठे." ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच मॅडमची काळजी वाटत होती. ते म्हणत होते तसं घडू शकलं असतं हे मला कळत होतं.

राहिला सत्कार. तो रद्द करायला म्हणून मॅडम इतवारीत गेल्या आणि मला बरोबर घेतलं. संध्याकाळची वेळ, तरी रस्ता तापलेला. हातगाड्यांमधून वाट काढत आम्ही दुकानात पोचलो. आत पितळेच्या परातींचे थर छतापर्यंत. शकूमावशींनी दोघींना स्टूल दिले, पन्हं मागवलं आणि मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. मॅडमनी अगदी सोपं करून सांगितलं.

"म्हंजे तो गोळा तिथं नाही?" शकूमावशींनी विचारलं.

"नाही."

"आधी होता काय?"

"आधीही नव्हता."

"मंग तू इतके दिवस काय पाहून राहिली होती वं?"

"आपलीच पृथ्वी," मॅडम म्हणाल्या. "ती फिरते ते मला तिथे दिसत होतं."

शकूमावशींनी यावर विचार केला. एक गिऱ्हाईक कढई मागत आलं, त्याला त्यांनी दोन कढया दाखवल्या, ते गेलं. मग म्हणाल्या, "पाह्य कुमुद, सतरंज्या आल्या. पत्रिका वाटून झाल्या. आपल्या वर्गातली मंदा वर्ध्याहून येऊन राहिली, तिचे गुडघे धड नाहीत. आता त्याइले काय सांगू? लोक तुह्यासाठी येऊन राहिले, गोळ्यासाठी कोणी येत नाही."

"खोट्या गोष्टीसाठी मी हार घालून घेणार नाही, शकू."

"तर नको घेऊ. हार मी ठेवून देईन. तू ये आणि काय झालं ते सांग. मले सांगितलं तसंच."

मॅडमनी पन्ह्याचा ग्लास संपवला. "ठीक आहे," म्हणाल्या.

हॉलमध्ये पंखे होते, पण ते गरम हवाच खाली ढकलत होते. स्टेजवर चित्रकलेच्या बाईंनी रंगवलेला मोठा पडदा होता. निळं आकाश, त्यात एक केशरी ग्रह आणि ग्रहाला शनीसारखी कडी. पुढच्या रांगेत मॅडमच्या वर्गातल्या बायका बसल्या होत्या, साठीच्या सगळ्या, हातात पत्रिकांचेच पंखे. मंदाताई टोकाच्या खुर्चीवर, पाय लांब करून. अध्यक्ष म्हणून त्या भागातले एक पुढारी आले होते. त्यांच्या हातात भाषण लिहिलेला कागद होता.

मॅडम अध्यक्षांच्या आधी उठल्या. माईक जरा खाली घेतला. त्या म्हणाल्या की ज्या ग्रहासाठी आपण जमलो तो ग्रह नाही. माझ्याकडून एक जागा भरायची राहून गेली, त्यामुळे मला तो दिसला. या माझ्या विद्यार्थिनीने ती जागा भरली आणि तो गेला. चूक माझी. निबंध मी परत घेतला आहे. तुम्ही इतक्या उन्हात आलात, म्हणून हे तोंडाने सांगायला मी आले.

एवढंच. वर्गात शिकवायच्या तोच आवाज. हॉलमध्ये पत्रिकांचे पंखे थांबले. मला वाटलं आता कोणीतरी काहीतरी बोलेल आणि ते वाईट असेल.

मंदाताईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "कुमुद, तो तारा तरी आहे न?"

"तारा आहे," मॅडम म्हणाल्या.

"तो नाही न जात?"

"नाही. तो पक्का आहे."

"मंग ठीक आहे," मंदाताई म्हणाल्या, आणि हसू आलं ते मागच्या रांगांपर्यंत गेलं. ते मॅडमना हसणं नव्हतं, हे कळायला मला एक क्षण लागला.

त्यानंतर अध्यक्ष उठले. त्यांनी मॅडमचं ऐकलं नसावं किंवा ऐकूनही दुसरं भाषण जवळ नसावं. त्यांनी कागद उघडला आणि आपल्या महालच्या भूमीने विश्वाला नवा ग्रह दिला आहे, असं ठणकावून सांगितलं. कोणी त्यांना अडवलं नाही. शकूमावशी हार घेऊन बसल्या होत्या, त्यांनी तो शेवटी शाळेच्या फाटकाजवळच्या विहिरीच्या कठड्यावर ठेवून दिला. नंतर सगळ्यांनी आलुपोहे आणि थंडगार मठ्ठा घेतला. बायका मॅडमभोवती जमून गणिताच्या जुन्या बाईंबद्दल बोलत राहिल्या, त्या कशा पदराला खडू पुसायच्या वगैरे. ग्रहाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मॅडमना मी स्कूटरवरून घरी सोडलं. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या बाजूने आलो तेव्हा पाण्यावरून थोडा वारा आला, तोही कोमटच. मग मागून म्हणाल्या, "मी एक हिशेब करून ठेवला होता. तिथून आपला सूर्य कसा दिसेल."

"कसा?"

"दिसत नाही. साध्या डोळ्यांनी नाही दिसत. बराच वेळ घालवला होता मी त्यात."

सिग्नल सुटला. घर आल्यावर त्या उतरल्या, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि उद्या जुन्या फाइली कुठून सुरू करायच्या ते सांगून आत गेल्या. त्यांना त्या दिवशी किती लागलं असेल याचा अंदाज मला तेव्हा आला नाही. आज येतो म्हणावं तर तोही माझाच तर्क. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमचं बरंचसं असंच चालत आलं.

जूनअखेर त्या निवृत्त झाल्या. प्रबंधाला मला आणखी वर्ष लागलं. त्यात ग्रह नव्हता, पण तो कसा दिसला आणि कसा गेला यावर एक प्रकरण होतं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "न सापडलेल्या गोष्टीवर एवढी पानं कशाला?" मी म्हटलं, "सर, ती न सापडायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. परदेशातली ती नोकरी नंतरही मिळाली नाही. इथे मिळाली. मी नागपुरात राहिले, आईच्या जवळ, आणि इथलं ऊन माझ्या वाट्याला दरवर्षी आलं. दुसरं आयुष्य कसं झालं असतं याचा हिशेब मी करत नाही. करता येतो, पण त्यात मोकळे रकाने फार सोडावे लागतात.

मागच्या आठवड्यात बातमी आली की ज्या उपग्रहाने आमच्या ताऱ्याचे ते कोपऱ्यातले ठोके टिपले होते, तो बंद केला. जुना झाला होता. बातमी कोणाला सांगावी असं एकच माणूस होतं. मी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, इतवारीत गेले. मॅडम हल्ली उन्हाळ्यात शकूमावशींकडे असतात. दुकानाच्या वर गच्ची आहे, तिथे दोघी कुरड्या घालत बसल्या होत्या. म्हणजे सोऱ्या शकूमावशींच्या हातात आणि मॅडम अंथरलेल्या जुन्या पातळावर ओळी सरळ येतात की नाही ते बघत होत्या.

मी सांगितलं. मॅडमनी हात पुसले.

"शेवटी कशाकडे बघत होता?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. "बघून सांगते," म्हटलं.

घरी येऊन मी निरीक्षणांची यादी उघडली आणि तळाशी गेले. शेवटच्या नोंदीत लक्ष्याच्या नावाच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, रिकामं आकाश. दुर्बीण असं अधूनमधून करते. जिथे ठळक काही नाही अशा जागेकडे बघून, काही नसताना स्वतःला काय दिसतं ते मोजते. नाव रिकामं असलं तरी विषुवांश आणि क्रांती दोन्ही पूर्ण भरलेले होते, शेवटच्या दशांशापर्यंत.

मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "थांब, पेन घेते." मी आकडे सावकाश वाचले. पलीकडे त्या लिहीत होत्या, ते ऐकू येत होतं. मागून शकूमावशींचा आवाज आला, "कोणाचा नंबर लिहून राहिली वं?"

"कोणाचाच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "क्रांतीचा शेवटचा आकडा परत सांग."